द्वारकाकाकीची टीम

क्रिकेट टीमचे मालक मी पुष्कळ पाहिले. माझं कामच तसं. आठवडाभर किन्हवलीच्या स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान चालवायचं आणि भातं कापून झाली की शनिवार-रविवार माइक धरायचा. शहापूर-मुरबाड पट्ट्यात टेनिस बॉलच्या स्पर्धा असतात, त्यांच्या पत्रिकेवर 'समालोचक' म्हणून माझं नाव छापतात. जेवण कोणातर्फे आणि मंडप कोणाचा हे छापून झाल्यावर जागा उरली तर. तर सांगायचं काय, वीटभट्टीवाले मालक पाहिले, प्लॉटवाले पाहिले, निवडणुकीत निवडून आलेले पाहिले आणि आपटलेलेही पाहिले. मंडपात पुढे एक सोफा असतो, त्यावर हे सगळे बसतात. द्वारकाकाकी ही एकच मालक अशी, की जी सोफ्यावर कधी टेकली नाही आणि जिला एका ओव्हरमध्ये चेंडू किती हे अखेरपर्यंत कळलं नाही. मी एकदा समजावून सांगायला गेलो तर म्हणाली, "टाकतात तेवढे टाकूंदे. आपल्याला काय?"

काकी गेल्या थंडीत गेली. आमच्या दोघांच्या अंगणात एक कुडाचं कुंपण होतं, एवढीच आमची ओळख. अंगाने काटक, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, दातांना सदा मशेरी लावलेली, त्यामुळे बोलणं कमी आणि ते पण तोंडाच्या एका बाजूने. जगातली कुठलीही गोष्ट ती हंड्यात मोजायची. कोणाची नवी सून बघून आली की सांगायची, "पोर बरी हाय. दोन हंडे नि वर कळशी, एका दमात." एखादं लग्न मोठं झालं तर ते शंभर हंड्यांचं लग्न. मुंबईचे पाहुणे आले की तिच्या कपाळाला आठी पडायची, कारण मुंबईचा माणूस दोन वेळा आंघोळ करतो. मला मात्र ती मान द्यायची. "हा बाबा अर्ध्या कळशीचा," असं मला पाहुण्यांसमोर म्हणायची आणि त्यात तिला खरंच कौतुक असायचं.

आमच्या पाड्याची विहीर होळी झाली की तळ दाखवते. भातसा धरणाचं पाणी आमच्या डोंगराआडून मुंबईला जातं आणि आम्ही नदीच्या पात्रात वाळू उकरून वाटीने हंडा भरतो. ह्यात आता कोणाला काही विशेष वाटत नाही. नळाच्या योजनेचा ठराव दर ग्रामसभेत होतो, टाळ्या होतात, चहा होतो.

आता अण्णाशेठ. आमच्या गावच्या टीमचे पहिले मालक. माणूस वाईट नव्हता हे आधीच सांगतो, कारण पुढे तसं वाटेल. वीटभट्टीतून वर आले, मग प्लॉटच्या धंद्यात गेले आणि तिथून टीमच्या. तोवर आमची पोरं कापलेल्या खाचरात बांध फोडून खेळायची आणि पावसाआधी बांध पुन्हा घालून द्यायची. अण्णाशेठना हे कमीपणाचं वाटलं. टीव्हीवर मोठमोठ्या टीमा बघून त्यांनी एक गोष्ट बरोबर हेरली होती. टीम मालकाची असते, पण ग्राउंड लोकांच्या पैशाने होतं. हे त्यांनी ग्रामसभेत इतकं सरळ सांगितलं की कोणाला हरकत घ्यायला जागाच उरली नाही. टीम गावाचं नाव काढते, मग गावाने ग्राउंड नको का द्यायला? आणि नसेल द्यायचं तर राग नाही, मुरबाडवाले कधीपासून बोलावताहेत.

मुरबाडचं नाव निघाल्यावर पुरुष मंडळी हादरली. टीम मुरबाडला गेली तर तोंड दाखवायला जागा नाही, असं ज्यांनी आयुष्यात बॅट धरली नव्हती ते पण म्हणू लागले. मागे बायका बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, नळाचं काय? ग्रामसेवक भाऊसाहेबांनी शांतपणे समजावलं की नळाचा निधी वेगळा, खेळाचा निधी वेगळा, ह्या खिशातलं त्या खिशात टाकता येत नाही. नळाचा खिसा रिकामा आहे, खेळाच्या खिशात आत्ता आहे. बायका चिडल्या. तेव्हा काकी उठली. बाहेर जाऊन मशेरी थुंकून आली, म्हणजे बोलायचं होतं.

"ग्राउंडला पानी लागंल ना?"

लागेलच की, भाऊसाहेब म्हणाले, पिचवर रोज पाणी मारावं लागतं.

"मंग बोअर पाडनार?"

इस्टिमेटमध्ये आहे, ते म्हणाले.

"तर मंग बांधा," काकी म्हणाली आणि स्टेडियमच्या बाजूने हात वर केला.

पाड्यावरच्या बायका तिच्याकडे बघतच राहिल्या. नंतर कित्येक दिवस तिच्याशी कोणी धड बोललं नाही. नदीवर ती आली की बाकीच्या उठून दुसऱ्या खड्ड्याकडे जायच्या. तिच्या सख्ख्या जावेने तोंडावर म्हटलं, सोफ्यावर बसायला मिळेल म्हणून पाडा विकलास. काकीने मान खाली घालून वाटीने हंडा भरला आणि घरी आली. तिला लागलं होतं. कुंपणाशी उभी राहून मला एवढंच म्हणाली, "बोअर पडूंदे रे. मंग बोलतील."

गुरचरणाच्या माळावर स्टेडियम झालं. भोवती भिंत, एका अंगाला पायऱ्यांची गॅलरी, दोन माणसांनी ढकलावं लागतं असं लोखंडी गेट. आणि बोअरला पाणी लागलं. साधं नाही, धो धो. पाड्यावर आजवर जिथे जिथे बोअर मारली तिथे नुसता फुफाटा निघाला होता. सरकारी माळावर दगड कपाळावर मारून घ्यावा इतकं पाणी! गॅलरीमागे पंप बसला, टाकी बसली, खेळाडूंना हातपाय धुवायला नळ बसला. आणि मग गेटला कुलूप बसलं. करार असा होता की टीमचा हंगाम चालू असेल तोवर किल्ली मालकाकडे, एरवी ग्रामपंचायतीकडे. बायका हंडे घेऊन पंचायतीत गेल्या तेव्हा त्यांना पुन्हा समजावण्यात आलं की निधी खेळाचा होता, म्हणून पाणी पण खेळाचं.

मॅचच्या दिवशी मात्र गेट उघडायचं. प्रेक्षकाला अडवणार कोण? पहिल्याच रविवारी काकी डोक्यावर हंडा घेऊन मॅच बघायला आली. पुढच्या रविवारी अख्खा पाडा आला. अण्णाशेठ भारी खूश झाले. शहापूरच्या पाहुण्यांना सोफ्यावरून बोट करून दाखवायचे, "बघा, महिला प्रेक्षक! दुसऱ्या कुठल्या टीमला आहेत?" महिला प्रेक्षक गॅलरीच्या मागच्या बाजूला होत्या आणि त्यांचं तोंड नळाकडे होतं, पण टाळी वाजली की त्या पण वाजवायच्या. जावेने काकीशी बोलायला सुरुवात केली ती ह्याच रांगेत. आधी फक्त "सरक गो" एवढंच म्हणाली. काकीला तेवढं पुरलं.

क्रिकेटबद्दल काकीची मतं तयार झाली ती तेव्हा. सिक्स मारणारा माणूस तिला अजिबात आवडायचा नाही. सहा-सहा ओव्हरची मॅच, त्यात कोणी हाणामारी केली की चहा व्हायच्या आत खेळ खलास, गेट बंद आणि अर्धी रांग रिकाम्या हंड्यांनी घरी. तिचा आवडता बॅट्समन मच्छिंद्र. मच्छिंद्र चाळिशीला टेकलेला, पोट सुटलेलं, चेंडू आला की बॅट नुसती आडवी धरायचा, लहान मूल पडू नये म्हणून धरतात तशी. लोक शिव्या घालायचे. काकी म्हणायची, "एकटा तोच काय तो समजून खेळतो." कुठून तरी तिच्या कानावर आलं की पाच दिवस चालणारं क्रिकेट पण असतं. मला कुंपणाशी बोलावून खात्री करून घेतली. पाचही दिवस गेट उघडं? हो म्हटलं. मग हे लोक ते का खेळत नाहीत? मी म्हटलं, लोकांना वेळ नसतो काकी. ती म्हणाली, "वेळ आमी देतो की."

आणि तिसऱ्या वर्षी अण्णाशेठ टीम घेऊन मुरबाडला गेलेच. मुरबाडवाल्यांनी लाइट लावले होते, त्याला काही उत्तर नाही. जाताना भाषण केलं, रडले, आपल्याबरोबर मच्छिंद्र सोडून सगळे खेळाडू नेले आणि किल्ली पंचायतीत जमा केली. स्टेडियम गावाचं राहिलं. होळीनंतर विहीर आटली तशी काकी पंचायतीत गेली. सरपंच म्हणाले, काकी, टीमशिवाय मैदान उघडलं तर ऑडिटला काय सांगू? तिने विचारलं, मग टीम कुठे मिळते? सरपंचांना वाटलं म्हातारी गंमत करते. ते म्हणाले, लिलावात.

तो उन्हाळा पाड्याने नदीत काढला. दिवाळीनंतर शहापूरच्या एका मंगल कार्यालयात लिलाव होता, पुकारायला माइकवर मी. बघतो तर पुढच्या रांगेत आमच्या पाड्याचा महिला बचत गट. गिरणी घ्यायला साठवलेले पैसे त्यांनी टीममध्ये घातले होते. ते कसे घातले, ह्यावर घरोघरी काय झालं, ते मी सांगत नाही. आमच्याकडे दोन दिवस चूल पेटली नाही एवढं सांगतो, आणि माझी बायको तर गटाची साधी सभासद.

आयोजकांनी मालकांची नावं वाचली. 'श्रीमती द्वारकाबाई' म्हटल्यावर मागे लोक हसले. काकीने वळून बघितलं नाही. खेळाडू पुकारला की बाकीचे मालक त्याचा स्ट्राइक रेट विचारत. काकीचा एकच प्रश्न.

"ह्याच्या घरी नळ हाय का?"

 कल्याणकडचा एक हाणामारीवाला नामांकित पोरगा स्वस्तात सुटत होता, मी स्वतः डोळ्याने खूण केली. काकीने विचारलं, तो छाती पुढे काढून म्हणाला, दोन आहेत. "मंग नको," काकी म्हणाली. मी मधल्या सुट्टीत चिडून विचारलं की हा काय प्रकार? ती म्हणाली, ज्याच्या घरी नळ आहे तो मॅच हरली की घरी जाऊन आंघोळ करून झोपतो. ज्याच्या घरी नाही त्याला कशासाठी खेळायचं ते सांगावं लागत नाही. अशा रीतीने खर्डीकडच्या पाड्यांवरचे, डोंगरावरचे, कोणाला नको असलेले खेळाडू घेत घेत तिने टीम भरली. मच्छिंद्रला पुकारलं तेव्हा तिने प्रश्न न विचारता हात वर केला. बाकी कोणी वर केलाच नव्हता.

करार अण्णाशेठच्या वेळचाच राहिला आणि किल्ली काकीच्या कमरेला आली. गेट सकाळी गाई सोडायच्या वेळेला उघडायचं ते दिवेलागणीला बंद. बचत गटाने खेळाडूंना बोंबील-भाकरीवर पोसलं. आणि ही टीम जिंकायला लागली! कशी, ते समालोचन करूनही मला सांगता यायचं नाही. आमचे फलंदाज आउट होत नसत हे एक. दुसरं असं की गेटच्या टोकाकडून समोरच्यांचा फास्ट बॉलर धावत आला की मध्ये हंडा आडवा यायचा. तो थांबायचा, बाई निवांत जायची, तो पुन्हा मागे जाऊन धावायचा. तिसऱ्या खेपेला त्याचा दम जायचा. अंपायरांनी तक्रारी ऐकल्या, नियमांत हंड्याविषयी काही सापडलं नाही.

स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यात हरेल तो बाहेर. आमची गाठ पडली अण्णाशेठच्या टीमशी, आमच्याच ग्राउंडवर. ऐन मे. विहिरीत चिखल पण उरला नव्हता. जिंकलो तर पाऊस लागेपर्यंत हंगाम चालणार आणि गेट उघडं राहणार. हरलो तर त्याच संध्याकाळी किल्ली पंचायतीत. त्या आठवड्यात काकीने मला दोनदा विचारलं, "जिंकतील ना रे?" आजवर तिने जिंकण्याचं नाव काढलं नव्हतं.

आणि नेमकी त्या दिवशी आमच्या विकेटकीपरची हळद. दुसऱ्या कोणाची असती तर त्याला बँजोसमोरून उचलून आणला असता, पण नवरदेवालाच कसा आणणार? दहा खेळाडू उरले. अकरा नसले तर मॅच न खेळताच समोरच्याला. मच्छिंद्र कपाळाला हात लावून बसला. तेव्हा अंपायरला आठवलं की मालकाचं नाव खेळाडूंच्या यादीत असतंच. हा नियम अण्णाशेठनीच करवून घेतला होता. त्यांना तिसऱ्या नंबरवर बॅटिंग करायची हौस.

काकीला सांगितलं, आत उभं राहायचं. तिने पदर खोचला, मशेरी थुंकली, चपला गेटजवळ काढल्या आणि अनवाणी मैदानात शिरली. मच्छिंद्रने तिला सीमारेषेवर गेटच्या बाजूला उभं केलं, म्हणाला, इथून हलू नको. हलायचा प्रश्नच नव्हता. ती पिचकडे पाठ करून उभी राहिली. तोंड गेटकडे, हात कपाळावर, नजर रांगेवर. कोणी मध्ये घुसली तर तिथूनच नाव घेऊन हटकायची.

अण्णाशेठ बॅटिंगला आले आणि मैदानावर एक नजर फिरवून प्रत्येक चेंडू काकीच्या बाजूला मारायला लागले. धंद्याचा माणूस, त्याला मोकळी जागा दिसते. चौकार, चौकार, पुन्हा चौकार. चेंडू काकीच्या पायाजवळून जायचा. एक घोट्यावर बसला. ती नुसती कळवळली, वळली नाही. गॅलरीत पोरं हसत होती. मी माइकवर चौकार सांगत होतो, पण कुठल्या दिशेला ते सांगणं मी बंद केलं. आमचे लोक मग बॅटिंगला आले, कोणी आउट झालं नाही आणि धावा पण झाल्या नाहीत. शेवटच्या दोन चेंडूंना एक जण आपणहून बाहेर आला आणि उगाच काकीला बॉलरच्या टोकाला उभी केली, तीही तशीच गेटकडे तोंड करून. हरलो. वाईट हरलो.

हात मिळवणं झालं, स्टंप उपटले, खेळाडू बाहेर आले. रांग अजून गेटच्या बाहेर वळणापर्यंत होती. पंचायतीचा शिपाई गणपत काकीकडे गेला आणि खाली बघत म्हणाला, काकी, किल्ली. काकी पुन्हा आपल्या सीमारेषेवरच्या जागेवर जाऊन उभी होती. घोटा सुजला होता.

"किल्ली कधी द्यायची?" तिने विचारलं.

हंगाम संपला की. आपला शेवटचा खेळाडू मैदानाच्या बाहेर गेला की, गणपत म्हणाला. करारात तसंच होतं, अण्णाशेठच्या पोरांना मॅचनंतर आत पार्टी करायला आवडायची म्हणून.

"मी खेळाडू हाय ना?"

"हाय."

"मी गेल्ये का भायेर?"

गणपतने सरपंचांकडे बघितलं. सरपंचांनी भाऊसाहेबांकडे, भाऊसाहेबांनी अण्णाशेठकडे. अण्णाशेठ सोफ्यावर बसून सरबत पीत होते. त्यांनी ग्लास खाली ठेवला, काकीच्या घोट्याकडे बघितलं. मग उठून उभे राहिले. म्हणाले, "करार माझाच आहे. तिचं बरोबर आहे." आणि गाडीत बसून मुरबाडला निघून गेले. माणूस वाईट नव्हता म्हटलं ते ह्यासाठी.

सरपंच मंडपात आले आणि मला म्हणाले, सामना संपला म्हणून जाहीर कर म्हणजे मोकळं. मी माइक हातात घेतला. कुंपणापलीकडची ही बाई, पाड्याची बोलणी खाल्ली, गिरणीचे पैसे घालवले, आणि आता सुजलेल्या पायावर उभी. मी सांगितलं, "मंडळी, सामना सुरू आहे." खरं सांगायचं तर सरपंचांनाही सुटल्यासारखं झालं असावं, कारण मग ते चहा घ्यायला गेले.

मच्छिंद्र गॅलरीत बूट सोडत बसला होता. त्याने ते पुन्हा बांधले, आत गेला आणि पिचजवळ फतकल मारून बसला. त्याच्यामागून खर्डीचे दोघं गेले. मग बाकीचे. नवरदेव सुद्धा दुसऱ्या दिवशी हळदीच्या अंगाने येऊन तासभर बसून गेला. पाऊस लागेपर्यंत त्या मैदानात आमचा एक तरी खेळाडू नव्हता असा वेळ गेला नाही. पाळ्या कोणी लावल्या नाहीत, हिशेब कोणी ठेवला नाही. पंचायतीने विचारलं नाही. पुढचे हंगाम झाले, लिलाव झाले, काकी हळूहळू घराबाहेर पडेनाशी झाली.

पण मला ती आठवते ती त्या संध्याकाळची. मंडप सोडवून झाला होता, सोफा टेम्पोत चढवला होता, मी वायर गुंडाळत होतो. आत दहा जण इकडेतिकडे बसलेले, ना चेंडू ना बॅट. सीमारेषेवर काकी एकटी उभी, आमच्याकडे पाठ करून, सगळा भार एका पायावर. रांगेतल्या बायका अंधार पडायच्या आत भरायचं म्हणून ढकलाढकली करू लागल्या, एकीची कळशी सांडली. काकीने हात वर केला.

"घाई नको गो," ती म्हणाली. "भरा निवांत. आमी हाव मैदानात."